चपलेखालचा दोर

"पाळकसाहेब, माझे बाबा नरकात जाणार का?"

प्रश्न तिचा नव्हता. म्हणजे बाबा तिचेच, पण प्रश्न तिच्या मैत्रिणीचा, घारीचा. उद्या या सगळ्या मुली भर चर्चमध्ये उभ्या राहून आपला विश्वास बोलून दाखवणार होत्या, त्याच्या तयारीचा हा शेवटचा वर्ग. मागच्या बाकावरून घारी कुजबुजली, "हिंमत असेल तर विचार!" आणि हिच्यापुढे हिमतीचं नाव काढायची खोटी. उगाच का सगळे हिला तोफ म्हणत? तोफ धडाडली. अख्खा बाक खिदळला.

पाळकसाहेब हसले नाहीत. तिथेच चुकलं.

बाबा चर्चची पायरी कधी चढत नसत. "देवाबिवाचं आपल्याला काही कळत नाही बुवा," म्हणायचे. पण चर्चच्या मागची जमिनीखालची पाण्याची टाकी दर वर्षी फुकट साफ करून द्यायचे. पाण्याच्या टाक्या धुणं हाच त्यांचा धंदा. आत्ताही ते तिथेच, खाली उतरून भिंती घासत होते.

"तुझे बाबा भले गृहस्थ आहेत," पाळकसाहेब म्हणाले. "पण भलेपणाच्या बदल्यात तारण, म्हणजे नरकातून सुटका, मिळत नाही, पोरी. मलासुद्धा नाही. ते देव देतो. आपण विश्वासानं घ्यायचं."

"आणि ज्यानं घेतलंच नाही?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत चढवला. "त्याच्यासाठी आपण प्रार्थना करायची. वेळ आहे तोवर."

बाकावरचं हसू विरलं.

वर्ग सुटताच तोफ चर्चच्या मागे पळाली. टाकीच्या तोंडाशी आई दोर धरून बसली होती. बाबांचा जोडीदार तापानं फणफणला होता, म्हणून आज आई. दोराचं दुसरं टोक खाली अंधारात, बाबांच्या काखेखालून बांधलेलं. भोकातून ब्लीचिंग पावडरचा वास भपकन नाकात गेला.

"दे, मी धरते."

"जमेल?"

"आई! मी काय कुक्कुलं बाळ आहे का?"

"मग ऐक. एक झटका आला तर सगळं ठीक. झटक्यावर झटके आले तर त्या वासानं गुदमरलेत समजायचं, ओढायचं आणि बोंब ठोकायची. आणि शहाणपणा करून खांबाला बांधू नकोस. खांबाला झटका कळत नाही." आई पाणी आणायला गेली.

"वर कोण?" खालून बाबांचा आवाज घुमला. "आमचा तोफखाना की काय?"

"हो!"

"मग मेलोच मी!"

बाबांचा हा नेहमीचा विनोद. एरवी ती पोट धरून हसली असती. आज नाही. ती वाकली. आत नुसता काळोख, आणि काळोखात खसाखस घासण्याचा आवाज. आत्ता काही झालं तर? असेच गेले तर? वेळ आहे तोवर, असं पाळकसाहेब म्हणाले होते. पण वेळ किती आहे ते नव्हते म्हणाले.

प्रार्थना करायची. आत्ताच्या आत्ता.

त्यांच्या घरात प्रार्थनेची एकच रीत. डोळे मिटायचे, दोन्ही हात जोडायचे. एका हातानं तिनं जन्मात कधी प्रार्थना केली नव्हती. तिनं दोर चपलेखाली दाबला, हात जोडले आणि डोळे गच्च मिटले.

"प्रभू, बाबांना विश्वास दे. आजच दे. ते वाईट नाहीत रे. त्यांना फक्त कळत नाही..."

अशी कळवळून ती आयुष्यात पहिल्यांदाच प्रार्थना करत होती. मिटल्या डोळ्यांपुढे आग दिसत होती. आगीत बाबा, हातात ब्रश घेऊन उभे. पायाखाली काहीतरी वळवळलं. आपलाच पाय थरथरतोय, असं तिला वाटलं. पुन्हा वळवळलं. "प्रभू, त्यांना सोडू नकोस," ती म्हणत राहिली.

"दोर!" आई किंचाळली.

तिनं डोळे उघडले. दोर हलत नव्हता. घासण्याचा आवाज कधीच थांबला होता.

"बाबा!"

तिचाच आवाज आतून परत आला. तिनं ओढलं. दोर तसूभर हलेना. आईनं बादली फेकून दोर पकडला, पाळकसाहेब झगा सावरत धावले, घारी धावली. चौघांनी ओढलं. आधी केस दिसले, मग लोंबणारी मान, मग राखेसारखा चेहरा. बाबांना फरशीवर कुशीवर निजवलं. आईनं पाठीवर थापट्या मारल्या. काहीच झालं नाही. आईनं आणखी जोरात मारल्या. बाबांना ढास लागली, ते ओकले, आणि श्वास आत गेल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"किती... झटके मारले मी..." ते पुटपुटले.

"काय करत होतीस गं?" आईचा आवाज फाटला.

"प्रार्थना. बाबांसाठी."

पाळकसाहेबांचे तळवे दोरानं सोलवटले होते. ते त्या तळव्यांकडेच बघत राहिले.

बाबांनी एक डोळा उघडला. "अगं, मला वर यायचं होतं," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "पण इथवरच." आईनं रडत रडत त्यांच्या खांद्यावर एक चापट मारली.

तोफ हसली नाही. बाबा अजून तेच बाबा होते, पायरी न चढणारे. ती भीती जिथल्या तिथे होती. पण ती उभी राहिली.

"आई, बाबा, ऐका. उद्या मी उभी राहणार. विश्वास आहे म्हणून सांगणार. पण यापुढे प्रार्थना डोळे उघडे ठेवून करणार. आणि हातात काम असलं तर हात जोडणार नाही. देवानं तसंच ऐकून घ्यायचं."