परक्या गोलकीपरची दृष्ट

सामना बरोबरीत होता, अर्धं मिनिट उरलं होतं आणि कझाकस्तानची गोलकीपर केतकीचे एकूण एक चेंडू अडवत होती. महिला हँडबॉलच्या आशियाई स्पर्धेची सेमीफायनल होती. केतकीची आई, वेणूकाकू, मुद्दाम कराडहून आल्या होत्या. न राहवून त्या शेजारणीला म्हणाल्या, "काय चपळ पोर आहे हो ही!"

पुढच्याच क्षणी केतकीने टाकलेला अगदी साधा चेंडू त्या पोरीच्या हातातून निसटून जाळ्यात गेला. शिट्टी वाजली, भारत जिंकला! सगळे नाचले, काकू मात्र कपाळाला हात लावून बसल्या. "माझीच दृष्ट लागली गं बाई तिला!"

लेकीसाठी आणलेली मीठ-मोहरीची पुडी घेऊन त्या तडक मैदानात उतरल्या. हमसून रडणाऱ्या त्या सहा फुटी पोरीला खुर्चीत बसवून त्यांनी तिच्यावरून तीनदा मूठ ओवाळली. पोरगी आधी गोंधळली, मग रडता रडता हसली.

टीमचे नागपूरचे कोच लांबून पाहत होते. ते हळूच जवळ आले.

"काकू, परवा फायनलला कोरियाच्या गोलकीपरचंही जरा तोंडभरून कौतुक करा. मीठ-मोहरी मी आणतो."