तक्रार नाही

सुनावणीच्या खोलीत शिरताच निवृत्त छत्रीसैनिकाची पंचाईत झाली. टेबलापलीकडे तिघे बसलेले. मधले जुने कर्नल, पण अंगात साधा सदरा. सलाम ठोकावा की नमस्कार करावा? त्याचा हात छातीपर्यंत वर गेला आणि तिथेच घोटाळला. शेवटी त्याने शर्टाचं बटण चाचपल्यासारखं केलं.

बायकोने त्याला धरून खुर्चीत बसवलं. विमानातून उड्या मारून मारून गुडघ्यांची पार वाट लागली होती. भरपाई मिळाली तर ऑपरेशन होणार होतं, नाहीतर उरलेलं आयुष्य अंथरुणावर. पहिला अर्ज फेटाळला गेला, कारण नोकरीतल्या एकाही तपासणीत त्याने गुडघ्यांचं नावसुद्धा काढलं नव्हतं. कसं काढणार? दुखतंय म्हटलं की तुकडीतून बाहेर. सगळेच दुखणं गिळून ताठ उभे राहायचे.

म्हणून आता हे अपील. रस्ताभर बायकोने त्याच्याकडून घोकून घेतलं होतं, कुठे दुखतं, कधीपासून दुखतं.

"हं," कर्नल कागदांवरून नजर न काढता म्हणाले, "काही तक्रार?"

तो ताडकन उठला. टाचा जुळल्या, छाती पुढे आली.

"काही तक्रार नाही, साहेब!"

शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. बायकोने कपाळावर हात मारून घेतला. सगळे आपल्याकडे असे का बघताहेत, हे त्याला काही केल्या कळेना. प्रश्न दर तपासणीतला, ओळखीचा होता, उत्तर तर अंगवळणीच पडलेलं. आवाजही कसा खणखणीत लागला होता!

"तक्रार नाही, मग अपील कशाला केलंत?" कर्नल म्हणाले.

कशाला बरं? त्याने घोकलेलं आठवून पाहिलं. डोक्यात नुसता गोंधळ. आत्ता आपण खोटं बोललो, की इतकी वर्षं घरात कण्हतोय ते खोटं? त्याला भीतीच वाटली. बायकोला विचारावं तर नजर समोरून हलेना.

विजार गुडघ्यांपाशी थरथरत होती. घाम ओघळून डोळ्यात गेला, तरी हात मांड्यांना चिकटलेलेच.

"आधी त्यांना बसायला सांगा, साहेब," बायको म्हणाली. तिला रडू फुटलं होतं. "तुम्ही सांगितल्याशिवाय ते बसायचे नाहीत. पडतील, पण बसायचे नाहीत."