हिरवा दिवा

मुळगावच्या भजनी सप्ताहात मथुराक्काचा नवरा गात होता, पण कर्ण्यांतून नुसती पेटी वाजत होती. ती तरातरा मिक्सरपाशी गेली. तिथे बसलेल्या मुलाने, जुना लॅपटॉप दमतो म्हणून, आवाज साफ करणारी जड प्लगिन काढून एकच हलके ठेवलेले. बारीक आवाज ते कचरा म्हणून गाळायचे. मोठा आला की पडद्यावर हिरवा दिवा पेटायचा. बापाने तोंड उघडले तरी दिवा विझलेलाच. “तुझ्या मशिनाक बापायचो आवाज कचरो दिसता?” “आवाज खंय उरला गो, आई? हें काडल्यार धाप गावभर आयकू येतली.” घरातले दुखणे तिने कधी उंबऱ्याबाहेर सोडले नव्हते. नवऱ्याच्या गळ्याची शीर फुगली. “काड, पुता,” ती म्हणाली. आधी धाप ऐकू आली, मग तिच्यात अडखळणारा अभंग. मांडवातल्या माना खाली गेल्या. कधी कुणासाठी न थांबलेली ती त्याच्या धापेधापेला थांबत टाळी देत राहिली.