शिळं पाणी

कॅनडाहून काल आलेल्या उदयसिंहनं सकाळीच पाण्याचं बॅरल मोरीत रिकामं केलं. "चार दिवसांचं शिळं पाणी पिता? तिकडं कुत्र्यालासुद्धा असलं देत नाहीत," म्हणत त्यानं ताजं भरायला नळ सोडला. नळ नुसता फुसफुसला. पाणी परवा येणार होतं. अंथरुणाला खिळलेल्या आईची पाठ चिघळलेली. तिला रोज दोनदा पुसून काढणाऱ्या धाकट्या युवराजचं डोकंच फिरलं. त्यानं दादाची मानगूट धरून तोंड बॅरलच्या काठावर दाणकन आपटलं. दात तुटला, तरी पुन्हा आपटलं. मग मुंडकंच आत कोंबलं. "बोंबल की आता! बोलव तुझ्या कॅनडाचं पाणी!" उदयसिंह लाथा झाडत राहिला. युवराजचे हात थकले तसा थोरला फरशीवर कोसळला, तोंड रक्तानं भरलेलं. आतून आईनं हाक मारली, "लांबून आलाय त्यो. युवराज, दादाला तोंड धुवायला पाणी दे की."