साडेचारची बोट

सायला गाडीतून उतरलीच नाही. काच खाली करून तिने टौकोला एवढंच सांगितलं, की दुपारी ऊन वाढेल, पोरीला क्रीम लाव. मागचं दार उघडलं आणि पिहला उडी मारून बाहेर आली. डोक्यावर बालवाडीत केलेला कागदी मुकुट, त्यावर वेडावाकडा पाचाचा आकडा.

"सहाला आणून सोडतो," टौको म्हणाला.

"घाई करू नकोस. वाढदिवस आहे तिचा."

एरवी हीच बाई दहा मिनिटं उशीर झाला तर सरकारी कार्यालयात तक्रार करायची. आज नशीबही आपल्याच बाजूने दिसतंय, टौकोच्या मनात आलं.

एकोणीस महिने तो या दिवसाची वाट पाहत होता. जहाजबांधणीच्या कामावर तो दोन-दोन आठवडे दूर तुर्कू शहरात असायचा. अशाच एका खेपेहून परतला तेव्हा घर अर्धं रिकामं झालेलं, आणि सायला पोरीला घेऊन व्हिल्यो नावाच्या दुसऱ्या माणसाकडे राहायला गेलेली. तेही त्याने गिळलं असतं. पण कोर्टात तिने सांगितलं, हा पितो. चार वर्षं त्याने थेंब तोंडाला लावला नव्हता. न्यायाधीशांनी तिचं ऐकलं. पोर आईकडे; बापाला एक आड एक शनिवार, दहा ते सहा. बाहेर कॉरिडॉरमध्ये सायला त्याच्या शेजारून गेली ती व्हिल्योच्या कसल्याशा विनोदावर हसत. ते हसणं टौकोच्या काळजात रुतलं ते कायमचं.

आता त्याच्या खिशात समुद्रापलीकडच्या, दुसऱ्या देशातल्या टालिनच्या साडेचारच्या बोटीची दोन तिकिटं होती. पलीकडे एका जुन्या मित्राने काम बघून ठेवलं होतं, खोलीही घेतली होती. सहा वाजता सायला खिडकीशी येईल. साडेसहाला फोन लावेल. सातला रडायला लागेल. हे चित्र त्याने इतक्यांदा रंगवलं होतं की तिच्या अंगातला स्वेटरसुद्धा त्याला दिसायचा.

जत्रेच्या बागेत त्याची आई राइली आधीच येऊन बसली होती. मांडीवर स्ट्रॉबेरीच्या केकचा डबा. सकाळपासून दुपारपर्यंत पिहलाने कुणाला उसंत दिली नाही. लाकडी घोड्यांवर चार फेऱ्या झाल्या. मग आजीला बळेच पाळण्यात बसवलं, आणि आजी ओरडली तेव्हा तिला समजावलं, की आजी, डोळे मिटलेस ना, की भीती बाहेर राहते. मोहरी लावलेलं सॉसेज निम्मं खाल्लं, निम्मं कुरव पक्ष्यांनी पळवलं. केकवरच्या मेणबत्त्या वाऱ्याने तीनदा विझवल्या, तरी तिने चौथ्यांदा त्या स्वतःच विझवल्या.

पिहला रांगेत उभी असताना राइली म्हणाली, परवा तुझ्या घरी फुलांना पाणी घालायला गेले होते. कपाटं रिकामी होती.

टौकोने खिशातल्या तिकिटांवर हात ठेवला.

"किती वाजता निघायचंय?"

"साडेचार."

राइलीने केकचा डबा पुसला, झाकण लावलं, पुन्हा काढलं. "हे तू पोरीसाठी करतोयस?"

"सायलाला कळू दे एकदा, घर रिकामं झालं की कसं वाटतं ते."

"ते मी विचारलं नाही. पोरीसाठी करतोयस का?"

"आई, सायलाकडून हिरावून घेण्यासारखं माझ्याजवळ दुसरं आहे काय?"

बोलून गेल्यावर त्याला स्वतःलाच कसंतरी झालं. निघताना राइलीने पिहलाचा मुकुट सरळ केला, तिचे दोन्ही गाल हातात धरले आणि ट्रामच्या थांब्याकडे चालू लागली. एकदाही वळून पाहिलं नाही.

बंदरावर कुणी अडवलं नाही. त्याने पासपोर्ट पुढे केले, खिडकीतल्या मुलीने मुकुटाकडे पाहून पिहलाला शुभेच्छा दिल्या. आपण खरंच समुद्रात जाणार हे कळल्यावर पिहलाचा विश्वास बसेना. ही वाढदिवसाची भेट आहे का, तिने विचारलं. टौको हो म्हणाला.

बोट सुटली. बंदरासमोरचं किल्ल्याचं बेट मागे पडलं, शहराचे कळस बारीक होत गेले. पिहला कठड्याच्या जाळीला नाक लावून उभी होती. रात्री झोपायला घरी जायचं ना, तिने दोनदा विचारलं. दोन्ही वेळा टौकोने तिला दूरचं गलबत दाखवलं.

टालिनला उतरल्याशिवाय फोन करायचा नाही, असं त्याने पक्कं ठरवलं होतं. पण एकोणीस महिन्यांचं साठलेलं आता आवरेना. सायलाचा आवाज फुटताना त्याला ऐकायचा होता, आणि तोही आत्ता, किनारा दिसतोय तोवर.

दुसऱ्याच घंटीला तिने उचलला.

"मी बोटीवर आहे," टौको म्हणाला. "पिहला माझ्याबरोबर आहे. ती आता परत येणार नाही. ना आज, ना पुढे कधी."

त्याने फोन कानाशी घट्ट दाबला. एक हुंदकासुद्धा निसटू द्यायचा नव्हता त्याला.

"आई आहे?" पिहलाने त्याची बाही ओढली. "मला दे ना. मला तिला समुद्र सांगायचाय."

त्याने बोट वर करून तिला थांब म्हटलं. ती हात पुढे करून तशीच उभी राहिली.

पलीकडून एक लांब श्वास ऐकू आला.

"बरं झालं," सायला म्हणाली. "तिला तू ठेवशील का, हे तुला कसं विचारावं तेच मला सुचत नव्हतं. तिचे थंडीचे कपडे कुठल्या पत्त्यावर पाठवू?"