चौथी हाक

दरडीखाली गेलेल्या वाडीवरून बचाव पथकातला दिगू यंत्र फिरवत होता. वाडीतल्या प्रत्येक लेकराच्या मनगटात जन्मतःच तांदळाएवढी चिप टोचलेली. बाया तिला गोंदण म्हणत. यंत्राने लहर सोडली की त्या लहरीच्याच बळावर चिप नाव सांगे, मग माणूस जिवंत असो वा नसो.

यंत्र टिटवीसारखं ओरडलं. पडद्यावर उमटलं, ‘येसू’.

“मावशी, पोरीनं ओ दिली. पहिल्याच हाकेला.”

लोक फावडी घेऊन धावले. येसूची आई हौसा मात्र चिखलात गुडघे टेकून बसली.

“पहिल्या हाकेला चिप बोलती, बाबा. माझी येसू चार हाका मारायला लावायची, मगच ‘आले गं’ म्हणायची.”

तिने चिखलाशी तोंड नेऊन हाक मारली. दुसरी मारली, तिसरी मारली. चौथी मारायचा तिला धीर झाला नाही.