कापड थांबल्यावर

धप्पकन आवाज झाला आणि तपासणीच्या दालनातली यंत्रं एकामागोमाग थांबली. तिचा थोरला भाऊ, यंत्रावर कापडाचे तागे चढवणारा, फरशीवर उताणा पडला होता.

"सोंग करतोय," शेजारच्या यंत्रावरची मावशी हसली. "ऊठ रे, अशानं सुट्टी मिळत नसते."

तो उठला नाही. ओठ निळसर पडले होते.

सकाळपासून ती, मावशी आणि कापड तपासणाऱ्या बाकीच्या बाया मागून उजेड असलेल्या काचेसमोर बसून होत्या. काचेवरून पांढरं कापड अखंड खाली ओघळतं. त्यातला तुटका धागा, तेलाचा डाग नजरेनं टिपायचा. नजर त्या ओघळण्याला इतकी सरावते, की ते तिला जाणवेनासं होतं. मग यंत्र थांबलं, की जग उलटं निघतं. समोरची भिंत, खिडकीचे गज, सारं जागच्या जागी राहून संथपणे वर चढत राहतं. जेवणाच्या सुट्टीत त्या यावर हसत. भिंत निघाली बघ घरी, आपल्याआधी, असं म्हणत.

मुकादम धावला. एक बाई आली नव्हती, म्हणून आज तोही काचेसमोरच बसला होता. गुडघे टेकून त्यानं दोन्ही तळवे पडलेल्याच्या छातीवर ठेवले.

"श्वास बंद असेल तरच दाबायचं, असं शिकवलंय. नाहीतर उगाच बरगडी मोडायची. बघ गं, नीट बघ."

ती भावावर वाकली. सदऱ्याखालची छाती वर येत होती.

"चालू आहे! मुकादम, दाबू नका, श्वास चालू आहे!"

मुकादमानं हात उचलून पाहिलं. मावशीनंही पाहिलं.

"हो गं बाई, चालू आहे," मावशी म्हणाली आणि तिनं डोळे पुसले. "घाबरवलंस की रे मेल्या."

कुणीतरी रुग्णवाहिकेला फोन लावला. ती भावाच्या केसांतून हात फिरवत राहिली. "दादा, मी आहे हं इथे. येतेच आहे गाडी."

बाहेर माल उतरवणारा ट्रकचालक गलका ऐकून आत आला. क्षणभर पाहून तो म्हणाला, "अहो, छाती हलत नाहीये याची."

"डोळे फुटले का तुझे?" मावशी खेकसली. "आम्ही सगळे बघतोय इथे."

तो वाद घालत बसला नाही. त्यानं मुकादमाला खांद्यानं बाजूला सारलं, हातावर हात ठेवला आणि सगळा भार टाकून दाबलं.

छाती खाली गेली.

तिचा हात केसांतच थांबला. इतका वेळ छाती नुसती वर येत होती, त्या भिंतीसारखी.